बंदुकीच्या पल्ल्यापलीकडची बदकं



माघ सरत आला की नाशिकहून निफाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर भल्या पहाटे गाड्यांची वर्दळ वाढते. मागच्या सीटवर हातभर लांब भिंगांचे कॅमेरे, थर्मासमध्ये चहा, कानाला मफलर. ही मंडळी निघालेली असतात नांदूर मध्यमेश्वरला, रानबदकांचे फोटो काढायला. परत येताना त्यांतल्या बहुतेकांच्या तोंडी एकच तक्रार असते : बदकं फार लांब होती!

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवू. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लेकी-सुना परदेशात आहेत. त्या तिथल्या बागेतल्या तळ्यावरचे फोटो पाठवतात. त्यातलं बदक पाळीव नसतं, रानातलंच असतं, तरी बाकावर बसलेल्या माणसाच्या पायाशी येऊन उभं असतं. लंडनचं सेंट जेम्स पार्क घ्या किंवा टोकियोचा शिनोबाझु तलाव घ्या. टोकियोला थंडीत येणारं तलवार बदक आणि आपल्या नांदूरला येणारं तलवार बदक जातीनं एकच. मग तिथे ते पायाशी येतं आणि इथे आपण काठावर उतरायच्या आत थवाच्या थवा उठून का जातो?

आम्हाला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर बदकाच्या स्वभावात कमी आणि आपल्या इतिहासात जास्त आहे. बदक माणसापासून किती अंतर ठेवतं, त्यावरून माणूस त्याच्याशी कसा वागला ते कळतं. आज त्या अंतराचीच गोष्ट सांगणार आहोत.

सुरुवात तळ्यापासून करू. नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय निसर्गानं केलेला नाही. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, पण घाट ओलांडून पूर्वेला आलं की पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख लागतो. त्या मुलखाला पाणी द्यायचं म्हणून इंग्रज सरकारनं गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी १९०७ ते १९१३ या काळात दगडी बंधारा बांधला. वर दारणेवर धरण, खाली हा बंधारा, आणि बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांनी डावा-उजवा कालवा. निफाड, कोपरगावच्या बाजूची शेती या पाण्यावर उभी राहिली. ऊस आला, बागायत आली.

आणि बंधाऱ्यामागे गाळ आला. पूर येऊन गेला की दरवर्षी नदी थोडी माती सोडून जायची. इंजिनिअरच्या वहीत गाळ म्हणजे तोटा, कारण तेवढं पाणी कमी मावतं. बदकांच्या हिशोबात मात्र तोच नफा ठरला. डोकं पाण्यात आणि शेपटी वर करून खाणाऱ्या बदकांना मान पोचेल एवढंच खोल पाणी लागतं. गाळामुळे तसं उथळ पाणी झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या, त्यात किडे, शंख-शिंपले वाढले. शेतीसाठी बांधलेलं तळं कुणी न ठरवताच पाखरांचं झालं.

इथे येणाऱ्या बदकांची मराठी नावं तरी ऐका. चमच्यासारख्या पसरट चोचीचा थापट्या. शेपटीचं लांब टोक मिरवणारं तलवार बदक. डोळ्यावर पांढरी कमान असलेलं भुवई बदक. चक्रांग, गडवाल, तरंग, लालसरी. लडाख-तिबेटकडून येणारा केशरी चक्रवाक, ज्याची जोडी रात्री ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारते असं जुने कवी मानत आले. आणि आपल्याला सगळ्यांत जवळचं नाव म्हणजे हळदी-कुंकू. या बदकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. हे बदक इथलंच, बारमाही राहणारं. बदक नसला तरी बदकांच्या गर्दीत दिसणारा एक काळा पाणपक्षी आहे, कपाळावर पांढरा टिळा असलेला. त्याला आपण वारकरी म्हणतो. एवढ्या मायेनं नावं ठेवणारी माणसं आणि तरी बदकं आपल्याला भितात. का?

कारण नावं ठेवणाऱ्यांपेक्षा बंदूकवाल्यांचा आवाज मोठा होता. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले ए. ओ. ह्यूम आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात. ते पक्ष्यांचे मोठे अभ्यासकही होते. १८७९ ते १८८१ या काळात त्यांनी मार्शल नावाच्या सहकाऱ्याबरोबर हिंदुस्थानातल्या शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंडांचा ग्रंथ काढला. बदकं त्याच ग्रंथात आहेत, म्हणजे 'शिकारीचे पक्षी' या सदरात. त्या काळी बदकाचा अभ्यास करायचा तर आधी ते मारून हातात घ्यावं लागे. दुर्बिणी साध्या होत्या आणि कॅमेऱ्याला उडतं पाखरू पकडता येत नव्हतं. त्यामुळे अभ्यासक आणि शिकारी अनेकदा एकच माणूस असे. आपले सलीम अलीसुद्धा पक्ष्यांकडे वळले ते लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीमुळे. ती कोणती हे विचारायला ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि त्यांचं आयुष्य बदललं.

पण सगळे शिकारी सलीम अली झाले नाहीत. नांदूर मध्यमेश्वरला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात, म्हणून खुद्द राजस्थानच्या भरतपूरला काय झालं तेही माहीत हवं. तिथल्या महाराजांच्या पाणथळीवर बड्या पाहुण्यांसाठी बदकांच्या शिकारी भरत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो आले होते. त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा आम्ही कुठल्या गुप्त कागदातून काढलेला नाही. तो तिथे दगडावर कोरून ठेवला आहे, अभिमानानं. आजही वाचता येतो.

त्या काळातले शिकारीचे फोटो पाहिले तर त्यांत पाखरं असतात, पण जमिनीवर रांगेनं मांडलेली. मागे बंदूक घेतलेले साहेब आणि संस्थानिक. बदकाचा पहिला फोटो हा असा, मेलेल्या बदकाचा.

छऱ्याच्या बंदुकीचा पल्ला साधारण चाळीस-पन्नास मीटर. ज्या बदकानं त्याहून कमी अंतरावर माणूस येऊ दिला ते मेलं, ज्यानं दिला नाही ते जगलं. जगलेल्या बदकाबरोबर पुढच्या वर्षी कोवळी पाखरं आली. थव्यातली जुनी बदकं कधी माना वर करतात आणि कधी उठतात ते पाहतच ती शिकली. गावकऱ्यांच्या शिकारीच्या युक्त्या वेगळ्या होत्या. कुणी बैल किंवा म्हैस पुढे घालून तिच्या आडून तळ्यापर्यंत सरकायचं. कुणी पाण्यात रिकामी मडकी सोडून ठेवायचं. बदकांना मडक्यांची सवय झाली की मग एखाद्या मडक्याखाली माणसाचं डोकं असायचं आणि बदकाचे पाय पाण्याखालून ओढले जायचे. म्हणजे बदकानं फक्त बंदुकीला भ्यायचं नव्हतं. लपून, वाकून, हळूहळू जवळ येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला भ्यायचं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ते कामाला येणार आहे.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. गंमत म्हणजे पाखराच्या उडण्याचे फोटो काढणारं एक सुरुवातीचं यंत्र दिसायला चक्क बंदूक होतं. १८८२ साली एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानं दस्ता आणि चाप असलेली 'फोटोची बंदूक' बनवली. चाप ओढला की सेकंदाला बारा चित्रं निघत. पाखरू मात्र उडत पुढे जाई. इंग्रजीत फोटो काढण्यालाही गोळी झाडण्याचाच शब्द वापरतात आणि आपणही सिनेमाचं 'शूटिंग' म्हणतोच. पण घरात बोलताना आपण फोटो 'काढतो', जशी रांगोळी काढतो. आम्हाला हा शब्द बरा वाटतो.

इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवर एक पुस्तक काढलं. त्यातली सगळी चित्रं कॅमेऱ्यानं घेतलेली होती. काचेच्या जड प्लेटा, तिकाटणं आणि मंद कॅमेरा घेऊन पाखराच्या जवळ जायचं कसं, हा त्यांचाही प्रश्न होता. १९०० च्या सुमारास त्यांनी उपाय काढला तो आपल्या गावच्या शिकाऱ्याला पटला असता. त्यांनी बैलाचं कातडं चढवलेला पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन बसले. पाखराला बैलाची भीती वाटत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. फरक एवढाच की कीर्टन बंधूंच्या बैलातून छर्रा येत नव्हता.

आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं १९२० च्या दशकात वाघाला मारण्याऐवजी रात्री त्याचे फोटो काढून दाखवले. पक्ष्यांच्या बाबतीत ई. एच. एन. लोथर यांचं 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' हे पुस्तक १९४९ साली आलं. पण त्या काळातले पक्ष्यांचे चांगले फोटो बहुतेक घरट्यावरचे असत. घरट्याजवळ कापडी आडोसा करून बसलं की पाखरू पिलांसाठी परत येतंच. बाहेरून येणाऱ्या बदकांना ही युक्ती चालत नाही. ती इथे घरटं करायला येत नाहीत, थंडी काढायला येतात. त्यांना एका जागी परत यायचं बंधन नाही. शिवाय उघडं पाणी, आडोसा नाही आणि बंदुकीनं शिकवलेलं अंतर. म्हणून बदकाचा फोटो फार काळ अवघडच राहिला. तो सोपा झाला तो लांब पल्ल्याचं भिंग आणि पुढे डिजिटल कॅमेरा आल्यावर. रोल भरून छत्तीस फोटो मोजून काढायचे दिवस गेले. कॅमेऱ्याचा पल्ला बंदुकीच्या पुढे गेला. आता बदकाला न उठवता फोटो काढता येतो. इतिहासात पहिल्यांदाच बदकाचं अंतर आणि माणसाची हौस यांचं भांडण मिटायला हरकत नव्हती.

त्याच काळात कायदाही बदलला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीनं परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. १९८६ साली नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य जाहीर झालं. मग २०२० च्या जानेवारीत बातमी आली की नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं आहे. रामसर हे इराणमधलं गाव. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा जपण्याचा करार झाला, म्हणून तो दिवस जगभर पाणथळ दिवस म्हणून पाळतात. रामसरच्या नोंदीत आपल्या या १,४३७ हेक्टर जागेत ५३६ प्रजाती नोंदल्या आहेत. गाळानं भरत गेलेल्या एका बंधाऱ्याला एवढा मान मिळाला.

या इतिहासात बाई कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. पुस्तकांत शोधलं तर थोडी सापडते. रांचीच्या जमाल आरा कॉलेजात गेलेल्या नव्हत्या. पण वर्षानुवर्षं रानात हिंडून त्यांनी पक्ष्यांच्या नोंदी केल्या आणि १९७० साली नॅशनल बुक ट्रस्टनं त्यांचं मुलांसाठीचं पक्षिनिरीक्षणाचं पुस्तक काढलं. पण आम्हाला त्यांच्याइतकीच महत्त्वाची वाटते ती काठावरची बाई. खानगाव थडी, चापडगाव, मांजरगाव या बाजूला पाण्याच्या कडेनं गवत कापणारी, कपडे धुणारी, म्हशी पाण्यावर आणणारी बाई. नीट पाहिलंत तर दिसेल की तिच्यापासून बरीच जवळ बदकं निवांत चरत असतात. धुण्याचा धपधप आवाज होतो, ती मोठ्यानं बोलते, हसते, तरी बदक मान वर करत नाही. आणि रंगीत ठिपक्यांचे लष्करी कपडे घातलेला, कमरेत वाकून, एकेक पाऊल टाकत येणारा फोटोवाला दुप्पट लांब असला तरी थवा उठतो.

कारण बदक सरसकट माणसाला भीत नाही. ते दबा धरणाऱ्याला भितं. वाकून येणारा, थांबून-थांबून येणारा, डोळ्याला नळी लावून रोखणारा जीव म्हणजे काय, हे बदकाला शंभर-दीडशे वर्षांत चांगलं कळलेलं आहे. नळीच्या टोकाला छर्रा आहे की भिंग आहे, हे त्याला कसं कळावं? तुमचा हेतू बदकाला दिसत नाही, तुमची चाल दिसते.

पण बदक जागाही ओळखतं, ही यातली आशेची बाजू. टोकियोच्या तळ्यावरची बदकं सैबेरियासारख्या दूरच्या मुलखातून येतात आणि वाटेत त्यांनाही बंदुका भेटतात. तरी त्या तळ्यावर उतरल्यावर ती निर्धास्त होतात, कारण त्या जागी पिढ्यानपिढ्या त्यांना कुणी मारलेलं नाही. सेंट जेम्स पार्कमध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, पाणपक्षी हौसेनं ठेवलेले आहेत. इतकं लांब कशाला जायचं? कोलकात्याजवळ हावड्याला सांत्रागाछी रेल्वे स्टेशनच्या शेजारी एक तळं आहे. रुळांवरून गाड्या धडधडत जातात, चारी बाजूंनी घरं आहेत आणि थंडीत तिथे हजारो अडई बदकं उतरतात. त्यांना आगगाडीची भीती वाटत नाही, कारण आगगाडीनं त्यांचा कधी पाठलाग केला नाही. म्हणजे हे अंतर दगडावर कोरलेलं नाही. ते कमी होऊ शकतं. नांदूरला अभयारण्य होऊन चाळीस वर्षं होत आली आहेत. बदकांचा विश्वास मिळवण्याचं काम अर्धंमुर्धं झालेलं आहे. ते पुढे न्यायचं की मागे, हे आता बंदूकवाल्याच्या नव्हे, कॅमेरेवाल्याच्या हातात आहे.

आणि हे ठरतं ते नेमकं याच दिवसांत. बदकं कार्तिकाच्या सुमारास येतात तेव्हा बहुतेक नर मळकट तपकिरी असतात, मादीसारखेच. हळूहळू पिसं बदलतात आणि माघ-फाल्गुनात त्यांना पूर्ण रंग चढतो. भुवई बदकाची पांढरी भुवई, थापट्याचं हिरवं डोकं, लालसरीचं तांबूस डोकं हे सगळं आता खुलून दिसतं. म्हणून फोटोसाठी हेच दिवस उत्तम. पण बदकांसाठी हेच दिवस शिदोरी बांधण्याचे. चक्रांग किंवा भुवई बदक हे उणंपुरं अर्धा किलोही भरत नाही. त्याला मध्य आशिया, सैबेरियापर्यंत हजारो किलोमीटर जायचं आहे आणि तिथे पोचून लगेच संसार मांडायचा आहे. प्रवासाची चरबी त्याला याच गाळात चरून साठवायची असते. बदकाला एकदा उठवलं तर दोन गोष्टी जातात : चरण्याची वेळ जाते आणि उडण्यात साठवलेली चरबीही जाते. एका सकाळी वीस जणांनी वीसदा उठवलं तर काय होईल, याचा हिशोब घर चालवणाऱ्या बाईला समजावून सांगायला नको.

तळ्याचे इतर त्रासही आहेतच. शहराचं सांडपाणी गोदावरीतून खाली येतं, जलपर्णी येऊन साचते, कालव्याचं आवर्तन सुटलं की पाण्याची पातळी बदलते. ते प्रश्न मोठे आहेत आणि त्यांच्यासाठी सरकारदरबारी बोलत राहावं लागेल. पण बदकाला उठवायचं नाही, यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

तेव्हा यंदा घरातलं कुणी नांदूरला निघालं, किंवा तुम्ही स्वतः मोबाईल घेऊन निघालात, तर एवढं करा. वनखात्याच्या मनोऱ्यावरून, ठरलेल्या वाटेवरून पाहा. गावातला माहीतगार वाटाड्या बरोबर घ्या. त्याच्या दुर्बिणीतून बदक जवळ येतं, तुम्हाला जवळ जावं लागत नाही. वाकून, लपत सरकू नका. सरळ चाला आणि मग एका जागी बसून राहा. उडताना छान फोटो येतो म्हणून टाळ्या वाजवू नका, खडा टाकू नका. ड्रोन तर नकोच, वरून येणारी सावली बदकाला ससाण्याची वाटते. पाव-बिस्किटंही टाकू नका, त्याचं जेवण गाळात वाढून ठेवलेलं आहे. आणि फोटोबरोबर तारीख आणि जागा लिहून ठेवा. जानेवारीत देशोदेशी पाणपक्ष्यांची गणना होते, फेब्रुवारीत हौशी लोकांची पक्षिगणना होते. तारीख असलेला साधा फोटोसुद्धा तिथे पुरावा म्हणून उपयोगी पडतो. बदक अगदी बारीक दिसत असलं तरी चालतं.

शेवटी, कुणी तुम्हाला बदकाचा फोटो दाखवला, तर तो चांगला आहे की नाही हे ओळखायची एक खूण सांगून ठेवतो. रंग आणि उजेड नंतर बघा, आधी बदकाची मान बघा. मान ताठ वर आणि डोळा तुमच्याकडे वळलेला असेल, तर काढणारा फार जवळ गेला होता. चोच पाण्यात असेल, किंवा पाठीच्या पिसांत खुपसून बदक डुलकी घेत असेल, तर तो फोटो योग्य अंतरावरून काढलेला आहे.